व्हायोलिनवाला डावखुरा नव्हता

शहापूरच्या काकांचं घर रिकामं करताना एक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, माझ्या वाट्याला आलं. जमिनीवर बसलेला म्हातारा, पुढ्यात व्हायोलिन, आजूबाजूला नुसता काळोख. आमच्या वाचनगटात दर महिन्याला कुणीतरी एखाद्या चित्रावर बोलतं. म्हटलं, यंदा हेच घेऊ.

पहिल्याच संध्याकाळी तीन पानं भरली. आम्हा बेळगावकरांना गप्प बसलेला कलावंत दिसला की सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व आठवतात आणि क्षयामुळे काही वर्षं बंद पडलेलं त्यांचं गाणं. मीही तिकडेच घसरले. त्यात बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, डाव्या हातात! ‘जगाशी फटकून राहिलेला माणूस’ असं ठोकून दिलं.

काच तडकली होती म्हणून टिळकवाडीत फ्रेमवाल्याकडे गेले, तर तिथे ओळखीचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर बसलेले. चित्र बघून म्हणाले, “अक्का, पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतंय की हो!” कागदावर पत्र्याच्या दाबाची खोलगट कडा होती, त्यावरून त्यांनी माझं बोट फिरवलं. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यात सुईने रेघा, मग ॲसिड. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल, तितकी शाई जास्त. काळोखाचा दाणेदारपणा राळेच्या भुकटीचा. खालच्या कोपऱ्यातली धुरकट छटा तर शाई पुसताना मुद्दाम राखलेली. मी तिला ‘मावळतं आयुष्य’ म्हटलं होतं.

घरी येऊन मोबाईलवर फोटो उलटा केला. आता बो उजव्या हातात, व्हायोलिनचं टोक उजव्या घोट्यावर, अगदी आपल्याकडच्या बैठकीसारखं. मी आठ वर्षं व्हायोलिन शिकलेय, तरी इतके दिवस चेहराच बघत बसले होते. बो तारेपासून बोटभर वर उचललेला, पण डाव्या हाताची करंगळी अजून तार दाबून. दमलेला माणूस आधी करंगळी सोडतो. हा दमलेला नाही. तबल्याची सम, तालाची पहिली मात्रा, यायची वाट बघतोय.

दोन पानं फाडली आणि गटात हेच सांगितलं. सगळ्यांना पटलं. मागे बसलेल्या निपाणीच्या वहिनी तेवढ्या म्हणाल्या, “मग तबलजी कुठाय?”

मोबाईलवर चित्र मोठं करून आम्ही सगळ्यांनी शोधलं. म्हाताऱ्याने मान कलवलेल्या बाजूला नुसती राळच होती.