शिन्यी: सपाटी संपते तिथून पायऱ्या

तैवानची राजधानी तैपेईतल्या श्यांगशान डोंगराबद्दल 'श्यांगशान म्हणजे वीस मिनिटांचा फेरफटका' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वीस मिनिटं नुसत्या पायऱ्यांची, तीही न थांबता चढलात तर. डोंगर १८५ मीटरसुद्धा नाही, पण चढ पहिल्या पावलापासून अंगावर येतो.

डोंगराच्या पायथ्याचा, तैपेईचा हा शिन्यी भाग मुळात भातशेती आणि लष्करी कारखान्यांचा. नगररचना १९७० च्या दशकाअखेरीस आखली, महापालिका इथे १९९४ मध्ये आली. मोकळ्या जमिनीवर रेघा मारल्यामुळे एकेक चौक अवाढव्य. नकाशावर 'शेजारची' दिसणारी इमारत चालताना संपत नाही. सपाटी संपते तिथे डोंगर भिंतीसारखा उभा, मधे हलका उतार नाहीच.

जुन्या माहितीत तैपेई १०१ या उंच टॉवरसाठी मेट्रोच्या निळ्या मार्गावरच्या सिटी हॉल स्थानकावर उतरायला सांगतात. तिथून किलोमीटरभर पायपीट. लाल मार्गाचा इथला टप्पा २०१३ मध्ये सुरू झालाय. टॉवरच्या पायथ्यालाच स्थानक आहे. डोंगरासाठी त्याच्या पुढचं, श्यांगशान. दोन नंबरच्या दारातून बाहेर पडून बागेच्या कडेने सरळ, मग डावीकडे. पाट्या आहेत. पाणी स्थानकाजवळच घ्या, पायऱ्यांवर दुकान नाही. पायऱ्या दगडी, उंची कमीजास्त. पाऊस झाला की शेवाळल्यासारख्या निसरड्या होतात. चपला नकोतच. दमट हवेत चढापेक्षा घामच जास्त दमवतो, एक कोरडा शर्ट सोबत ठेवा.

सूर्यास्ताच्या तासभर आधी वर पोचा. सहा मोठ्या दगडांपाशी फोटोसाठी रांग लागते. तिथे अडकू नका, थोडं पुढे गेलं की टॉवर तितकाच छान दिसतो. उतरताना गुडघे बोलतात, घाई नको.

टॉवरचं तिकीट? ढग असतील तर अजिबात काढू नका. ८९ व्या मजल्यावर काचेबाहेर नुसता पांढरा धूर दिसतो. लिफ्ट पाचव्यावरून ३७ सेकंदांत वर नेते आणि टॉवरचं डोलणं कमी करणारा ६६० टनांचा लोलक बघण्यासारखा आहे, हे खरं. पण खालून मान वर करून शेंडा दिसतोय का, एवढं आधी बघा. शिवाय वरून सगळं शहर दिसतं, टॉवर तेवढा दिसत नाही. एकच करायचं तर डोंगर.

टॉवरसमोरची जुनी बैठी घरं, ४४ व्या शस्त्रागाराच्या, म्हणजे इथल्या जुन्या लष्करी कारखान्याच्या कामगारांची वस्ती, फुकट आहे. पाय दुखत असतील तर तिथे बसा.