आधी विम्याचा भाव, मग गाडी

ब्रिटनमध्ये सतराव्या-अठराव्या वर्षी ड्रायव्हिंग टेस्ट पास झालेल्या पोरांच्या घरात पहिला धक्का बसतो तो विम्याचा आकडा बघून. गाडी दोन हजार पौंडांची, आणि एका वर्षाचा विमाही जवळपास तेवढाच? यात गणित चुकलेलं नसतं. हप्त्यातला मोठा वाटा तुमच्या गाडीसाठी नसतोच, तो समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो. दोन हजारांची जुनी हॅचबॅकही एखाद्याला जन्मभराचं अपंगत्व देऊ शकते, आणि अशा दुखापतीच्या भरपाईला इथल्या कायद्यात वरची मर्यादा नाही. मुलगा की मुलगी हे बघून हप्ता ठरवायला मात्र २१ डिसेंबर २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे ‘मुलीच्या नावावर स्वस्त पडेल’ हा सल्ला आता शिळा झाला.

सगळ्यात महाग चूक म्हणजे गाडी आधी घेणं आणि विमा नंतर शोधणं. जाहिरातीत आवडलेल्या गाडीचा नंबर तुलना करणाऱ्या साइटवर टाकला की काही मिनिटांत भाव कळतो, गाडी तुमची असावी लागत नाही. गाड्यांचे विम्यासाठी १ (सगळ्यात स्वस्त) ते ५० (सगळ्यात महाग) असे गट आहेत आणि वापरलेल्या बहुतेक गाड्या आजही त्याच गटांनी ओळखल्या जातात. ह्युंदाई आय१०, किया पिकांटो, फोक्सवॅगन अप यांचे एक लिटर इंजिनचे साधे प्रकार अगदी खालच्या गटांत येतात. पण नुसत्या गटावर विसंबू नका. तरुणांमध्ये फार खपणाऱ्या मॉडेलांवर तरुणांचेच क्लेम जास्त येतात, म्हणून कधीकधी वरच्या गटातली, आजोबांना शोभेल अशी कंटाळवाणी गाडी स्वस्त पडते. पाच-सहा मॉडेलांचे भाव काढून बघा. अलॉय चाकं, बदललेला सायलेन्सर, इंजिनचं रीमॅपिंग (ताकद वाढवायला सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल) असलं काही आधीच्या मालकाने केलेलं असेल तर ते सांगावं लागतं. अशी गाडी सोडून दिलेली बरी.

‘फक्त थर्ड पार्टी (नुसतं समोरच्याचं नुकसान भरणारा विमा) घेऊ, स्वस्त पडेल’ हेही दरवेळी खरं नसतं. कायद्याला तेवढा विमा पुरतो, पण तो घेणाऱ्यांत जोखमीचे चालक जास्त असल्याने कंपन्या त्याचाच भाव चढा ठेवतात. कॉम्प्रिहेन्सिव्हचा, म्हणजे स्वतःच्या गाडीचंही नुकसान भरणाऱ्या विम्याचा, कोट (कंपनीने सांगितलेला भाव) काढल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

आता आई-बाबांच्या नावाचा खेळ. यात एक गोष्ट कायदेशीर आहे आणि एक सरळसरळ फसवणूक, आणि दोन्ही दिसायला सारख्याच. मुलीच्या पॉलिसीत अनुभवी आईचं नाव जास्तीचा चालक म्हणून घातलं, आणि आई अधूनमधून ती गाडी खरोखर चालवत असेल, तर हप्ता बरेचदा उतरतो. हे अगदी रीतसर आहे. कुणाच्या नावाने किती उतरतो हे सांगता येत नाही, म्हणून आई, बाबा, दोघं, असे वेगवेगळे कोट काढा. पण गाडी रोज मुलगी चालवते आणि कागदावर मुख्य चालक म्हणून बाबा आहेत, याला इथे ‘फ्रंटिंग’ म्हणतात. अपघात झाला की कंपनी विचारते: गाडी रोज रात्री कुठे उभी असते, कॉलेजला कोण नेतं, पेट्रोल कोण भरतं? खोटं उघड झालं तर २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार जाणूनबुजून दिलेल्या चुकीच्या माहितीवर कंपनी पॉलिसी रद्दबातल ठरवू शकते. तुमच्या गाडीचे पैसे मिळत नाहीत, आणि समोरच्याला दिलेली भरपाईही कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते. शिवाय ‘तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का’ या प्रश्नाला पुढे ‘हो’ लिहावं लागतं.

नवशिक्याला खरी सूट बहुधा ब्लॅक बॉक्समुळे मिळते. गाडीत बसवलेलं यंत्र किंवा फोनमधलं ॲप वेग, ब्रेक, वळणं, प्रवासाची वेळ आणि मैल मोजतं. अटी मात्र नीट वाचा. काही पॉलिसींत रात्री उशिरा गाडी चालवली की गुण कापले जातात, काहींत वर्षाचे ठरलेले मैल संपले की जास्तीचे विकत घ्यावे लागतात. रात्रपाळीत काम करणाऱ्या पोरासाठी असली पॉलिसी चुकीची, कितीही स्वस्त असली तरी. ॲपवाल्या प्रकारात आणखी एक कटकट असते: मित्राच्या गाडीत मागे बसून केलेला प्रवासही ॲप तुमच्या नावावर धरू शकतं, तो वेळीच ‘प्रवासी’ म्हणून बदलावा लागतो. गुण फारच घसरले तर कंपनी पॉलिसी बंद करते, आणि मग तोच वरचा ‘हो’.

एक्सेस, म्हणजे क्लेममधली स्वतः भरायची रक्कम, वाढवून हप्ता कमी होतो, पण बेरीज करून बघा. सक्तीचा एक्सेस ४०० पौंड आणि स्वतःहून घेतलेला ५०० म्हणजे पहिले ९०० तुमच्या खिशातून. तरुण चालकासाठी काही कंपन्या वेगळा एक्सेसही लावतात. दीड हजारांच्या गाडीवर एवढा एक्सेस असेल तर क्लेम करून हातात उरणार ते ६००.

तारखेचाही भावावर परिणाम होतो. विमा सुरू व्हायच्या साधारण तीन आठवडे आधी घेतला तर भाव सहसा सगळ्यात कमी, आदल्या दिवशी घेतला तर सगळ्यात चढा. महिन्याचे हप्ते म्हणजे व्याजाने घेतलेलं कर्जच. शक्य असेल तर घरातून पैसे घेऊन वर्षाचे एकदम भरा आणि घरच्यांना महिन्याला फेडा. मैलांचा अंदाज खरा द्या, उगाच दहा हजार लिहू नका. कॉलेजला किंवा कामाला गाडी नेणार असाल तर पॉलिसीत ‘कम्यूटिंग’ (रोजची ये-जा) लागतं, नुसतं ‘सोशल’ (खाजगी फिरणं) चालत नाही. जेवणाची पार्सलं पोचवायची असतील तर या दोन्हींनी भागत नाही, त्याला वेगळा विमा लागतो. पास प्लसच्या (टेस्टनंतर घ्यायच्या जादा शिकवणीच्या) तासांना पैसे भरण्याआधी ज्या कंपनीचा विमा घेणार तिलाच विचारा, सूट थोड्याच कंपन्या देतात.

टेस्टच्या दिवशीचा एक सापळा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. शिकाऊ चालकाचा तात्पुरता विमा बहुतेक पॉलिसींत पास होताक्षणी संपतो. त्याच गाडीने एकट्याने घरी यायचं तर नवा विमा आधी सुरू असायला हवा. विनाविमा पकडलं तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट (गुन्ह्याबद्दलचे दंडगुण). आणि पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं, लेखी आणि गाडीची टेस्ट दोन्ही पुन्हा द्याव्या लागतात. चालवताना हातात फोन धरला तरीही थेट ६ पॉइंट.

वर्ष संपत आलं की नूतनीकरणाचं पत्र येतं. जानेवारी २०२२ पासून जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त भाव लावायला मनाई आहे, पण तुमच्या कंपनीचा नव्या ग्राहकाचा भावच चढा असू शकतो, म्हणून कोट पुन्हा काढाच. गाडी मधेच विकायची असली तरी दहाव्या-अकराव्या महिन्यात पॉलिसी मोडण्याआधी थांबा: पूर्ण बारा महिने झाले नाहीत तर बहुतेक कंपन्या पहिल्या वर्षाचा नो-क्लेम (क्लेम न केल्याबद्दलची सूट) देत नाहीत.