पोलो, ५७.१ आणि अक्कलकोट रोडचा लेथ

गाडी घ्यायची ठरलं तेव्हा घरात चर्चा एवढीच होती: सीएनजी की डिझेल? वडील म्हणाले, "आपलं जाणं-येणं म्हणजे तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. त्याला टर्बो कशाला रे?" त्यांचं चुकत नव्हतं. पण कॉलेजात असताना फोक्सवॅगनची पोलो पहिल्यांदा चालवली, तेव्हापासून दुसरी कुठली गाडी मनात बसलीच नाही. २०२२ मध्ये चाकणला पोलोचं उत्पादन थांबलं आणि नवी मिळायचा प्रश्न मिटला. मग जुनी शोधायची, ती १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन) आणि मॅन्युअलच, असं ठरवलं. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११० पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. आकडे फार मोठे नाहीत, पण गाडी हलकी आहे आणि टॉर्क खालच्या आरपीएमलाच हाताशी येतो.

पहिली गाडी सोलापुरातच पाहिली, जुळे सोलापूरला. रंग चकचकीत, आवाज दणदणीत, रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलून ताकद वाढवलेली. चौथ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमवर आणून मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आरपीएमचा काटा झरकन वर गेला, गाडी मात्र तिथंच. क्लच घसरत होता. कारखान्यातून येणारा क्लच मूळ टॉर्कच्या हिशोबाने बसवलेला असतो. ताकद वाढवली की पहिला बळी त्याचाच जातो. जुनी टर्बो गाडी बघायला जाल तेव्हा ही एक चाचणी केल्याशिवाय परतू नका.

पुण्यात चार गाड्या पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी दोन वस्तू सोबत नेल्या: रंगाची जाडी मोजायचं मीटर आणि ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले दोष वाचायचं यंत्र. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास मिळतो. पुन्हा रंगवलेला पत्रा २०० च्या वर जातो, आणि खाली पुट्टी असेल तर आकडा कितीतरी पुढे पळतो. एका गाडीच्या मागच्या क्वार्टर पॅनलवर ९०० आला. मालक म्हणत होते, गाडीला साधा ओरखडाही नाही. मी नमस्कार केला आणि निघालो. चौथी गाडी २०२१ ची, एकहाती, ४१ हजार किलोमीटर चाललेली. डावा मागचा दरवाजा २४० मायक्रॉन, बाकी सगळीकडे ११० ते १३०. दरवाजा का रंगवला हे मालकांनी विचारायच्या आधीच सांगितलं, बिलही दाखवलं. स्कॅनरमध्ये लपवलेला एकही फॉल्ट नव्हता. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघितले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष; चारही टायर गाडीच्याच वयाचे होते. सौदा ६ लाख ४० हजारांवर ठरला.

कागदांचं थोडक्यात सांगतो. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या समोर बसून घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो हे हिशोबात धरा. मी एका एजंटवर विसंबलो आणि सहा आठवडे नुसत्या फेऱ्या मारल्या. शेवटी एक दिवस रजा टाकून स्वतः रांगेत उभा राहिलो, तेव्हा काम पुढे सरकलं.

गाडी घरी आली आणि मित्रांचे फोन सुरू झाले. एअर फिल्टर कुठला टाकणार, एक्झॉस्ट कधी बदलणार, रिमॅप कोणाकडून? मी पहिले तीन महिने यातलं काहीच केलं नाही. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, स्पार्क प्लग बदलले. ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी मिसळलं की उकळायचं तापमान खाली येतं आणि नेमका घाटात पेडल पोचट लागतो. पुढचे ब्रेक पॅड चांगल्या दर्जाचे टाकले. गाडी वर उचलली तर पुढच्या दोन्ही लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश फाटलेले. हे चालवताना कळलंच नव्हतं, पण बदलल्यावर स्टिअरिंग इतकं नेमकं झालं की आधीचे महिनाभर मी वेगळीच गाडी चालवत होतो असं वाटलं. या सगळ्याला सुमारे ३८ हजार लागले. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. माझ्या मते प्रोजेक्टचा सगळ्यात महत्त्वाचा पैसा हाच.

मग आली चाकं, म्हणजे नवी अलॉय. माझ्या गाडीला १८५/६० आर१५ टायर होते. पोलोच्याच वरच्या मॉडेलला कंपनी १९५/५५ आर१६ द्यायची, म्हणून तोच साइज धरला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यामुळे कंपनीनं स्वतः ज्या मापाला मान्यता दिली आहे त्याच्या आत राहायचं हा माझा नियम होता. चाकाचा व्यास ६०३ वरून ६२१ मिलिमीटर झाला, म्हणजे तीन टक्क्यांनी वाढला. विमा कंपनीलाही कळवून अलॉयची किंमत पॉलिसीत नोंदवून घेतली.

चाकं बसली, गाडी देखणी दिसायला लागली आणि पुणे रोडला ९५ च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग केलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानात केलं, अलाइनमेंट केली, पुढची चाकं मागे टाकली. मशीन प्रत्येक वेळी शून्य दाखवायची आणि बाळे गावाच्या पुढे गेलं की हातात तीच थरथर. एका दुकानदारानं रिम वाकडी आहे म्हणून नवी घ्यायला सांगितलं. दोन रात्री मला झोप लागली नाही. ४६ हजारांची चाकं होती.

आमच्या कारखान्यात टॉवेलचे माग आहेत, मी तिथं मेंटेनन्सला. मागाचे शाफ्ट, पुल्या, बुश आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चाचांकडून करून घेतो. त्यांच्या लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, मी शाफ्ट घेऊन गेलो होतो. मला गप्प बघून ते म्हणाले, "काय बे, कशाचा विचार करूलालास?" मी सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं. "चाक काढ."

चाक काढलं. चाचांनी व्हर्नियरनं आधी गाडीच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) पुढे आलेला गोल गळा मोजला: ५७.१ मिलिमीटर. मग अलॉयचं मधलं भोक मोजलं: ७३.१. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मागाची पुली शाफ्टवर अशी सैल बसवली तर चालेल का तुला?"

सगळं तिथंच उलगडलं. चाकाचं मधलं भोक हबच्या गळ्यावर घट्ट बसतं, तेव्हाच चाक मध्यावर येतं. बोल्टचं काम चाक दाबून धरायचं. बाजारातली अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून भोक मोठं ठेवतात, आणि मधली फट भरायला रिंग लागते. ती मला कोणी दिलीच नव्हती. त्यात फोक्सवॅगनला बाहेर आलेले स्टड आणि नट नसतात, बोल्ट थेट हबमध्ये जातात. म्हणून चाक लावताना ते हलकंसं खाली बसतं आणि तिथंच आवळलं जातं. बॅलन्सिंगची मशीन मात्र चाकाला त्याच्याच भोकातून शंकूवर मध्यात धरते, मग तिथं दोष दिसणार कुठून?

चाचांनी दुसरी गोष्ट दाखवली ती जास्त गंभीर होती. कंपनीच्या बोल्टचं बूड गोलाकार असतं, या अलॉयला निमुळत्या बुडाचे बोल्ट लागतात. दुकानात जुनेच बोल्ट लावून दिले होते. गोल बूड निमुळत्या खाचेत धड टेकत नाही, नुसत्या कडेवर बसतं. चकाकत्या खाचेवर त्याची बारीक रेघ उमटलेली होती. मी त्या चाकांवर आई-वडिलांना पंढरपूरला नेऊन आणलं होतं. ती रेघ अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

चाचांनी ॲल्युमिनियमचा राऊंड बार घेतला. प्लास्टिकच्या रिंगाही मिळतात, पण ब्रेक तापतो ती जागा आहे, तिथं त्या मऊ पडतात. पहिली रिंग किंचित सैल झाली. मला चालली असती, त्यांना चालली नाही. त्यांनी ती बाजूला टाकली आणि दुसरी लावली. बाहेरून ७३.१, आतून ५७.१, म्हणजे सगळीकडे ८ मिलिमीटर जाडी. कड थोडी तिरपी, म्हणजे बसवताना अडत नाही. शेवटची रिंग तळहातानं दाबली तशी "टप्" असा आवाज करून बसली. चार रिंगांना दुपार गेली. निमुळत्या बुडाचे, १४ मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ पिचचे वीस बोल्ट मी पुण्याहून मागवले आणि टॉर्क रेंचनं १२० न्यूटन-मीटरला आवळले. त्या संध्याकाळी मोहोळपर्यंत गेलो. ८०, ९०, १००. स्टिअरिंग शांत. मी टोल नाक्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

सस्पेन्शनचं सांगायचं तर गाडी खाली बसवायची हौस मलाही होती. एका मित्राची स्प्रिंग बदललेली पोलो दिवसभर मागून घेतली. सात रस्ता ते विजापूर नाका एवढ्याच अंतरात तीन स्पीडब्रेकरवर पोट घासलं. मी उंची तशीच ठेवली, फक्त चारही शॉकअप गॅसचे टाकले. गाडी खड्ड्यातून आता एकदाच उसळते आणि सावरते.

रिमॅपचा निर्णय उन्हाळ्यानं घेतला. एप्रिलमध्ये दुपारी पारा ४२ वर असताना स्कॅनर लावून तुळजापूर रोडला लॉग घेतले. हवा गरम असली की इंजिनमध्ये नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके बसायचा, धोका वाढतो, मग कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद आपोआप कमी होते. साध्या पेट्रोलवर तिसऱ्या गिअरमध्ये चार-पाच अंशांपर्यंत टायमिंग मागे जात होतं. ९५ ऑक्टेनचं भरल्यावर तेच एक-दोनवर आलं. रेडिएटरच्या जाळ्यांत वर्षाची धूळ आणि किडे बसले होते, ते कमी दाबाच्या पाण्यानं धुतले तर सिग्नलला उभं असतानाचं तापमानही उतरलं. कंपनीनं दिलेली ताकदच आपल्या उन्हात पूर्ण मिळत नसेल, तर वरचे २५ पीएस विकत घेऊन त्या क्लचवर का टाकायची? त्यात विम्याचा आणि कायद्याचा प्रश्न वेगळाच. रिमॅप केला नाही. एक्झॉस्टही मूळचाच आहे. गल्लीत रात्रपाळी करून सकाळी झोपणारी माणसं राहतात.

मागच्या महिन्यात चाचांना म्हटलं, चला, तुळजापूर घाटापर्यंत जाऊन येऊ. आधी नको म्हणाले, मग दुकानाचं शटर ओढून आले. चढताना मी तिसऱ्यात ठेवली, गाडी तक्रार न करता वळणं घेत वर गेली. ते काही बोलले नाहीत, फक्त वरचं हँडल धरलेला हात अर्ध्या घाटात खाली घेतला. वर चहा घेतला. उतरून खाली आलो तेव्हा त्यांनी थांबायला सांगितलं. खाली वाकून त्यांनी पुढच्या चाकाच्या मध्यावर हाताचा मागचा भाग नेला, मागाचं बेअरिंग तापलंय का बघतात तसा. मग दुसऱ्या बाजूच्या चाकाला, मग मागच्या दोन्ही.

"पुढं ठीक आहे," ते म्हणाले. "मागं डावा ड्रम जरा जास्त गरम लागलाय. रविवारी घेऊन ये, उघडून बघू."