मोटार रिवाइंडिंगपासून भट्टीच्या करंटपर्यंत: आमची वाटचाल

जालन्यात वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की विहिरींवरच्या मोटारी जळायच्या आणि दारात रांग लागायची. आई घरी बसून वेटोळी गुंडाळायची; तिचा एक वेढा कधी दुसऱ्यावर चढला नाही. 2012 च्या दुष्काळात विहिरीच आटल्या. मोटारी चालेनात, मग जळणार कुठून? मी एमआयडीसीतल्या एका स्टील कारखान्यात मेंटेनन्सला लागलो.

जालन्यातल्या भट्ट्या बहुतेक इंडक्शनच्या, म्हणजे कॉइलमधल्या करंटच्या चुंबकीय क्षेत्राने लोखंड वितळवणाऱ्या. आमच्या भट्टीच्या पॅनलवरचा मीटर आत येणारा करंट दाखवायचा. कपॅसिटर (वीज साठवून परत देणारा भाग) आणि भट्टीची कॉइल यांच्यात फिरणारा करंट मात्र त्याच्या कितीतरी पट असतो. केबल आणि बसबारचे (करंट वाहणाऱ्या जाड धातूच्या पट्ट्यांचे) सांधे तापतात ते त्यानेच, आणि नेमका तोच कुणी मोजत नव्हतं. करंट मोजायची नेहमीची सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) लोखंडी गाभ्याची; एवढ्या करंटला ती सॅच्युरेट होऊ द्यायची नसेल, म्हणजे गाभा चुंबकाने भरून आकडा चुकू द्यायचा नसेल, तर अवाढव्य करावी लागते. शिवाय ती चढवायला पाण्याने थंड होणारी केबल सोडवायची, म्हणजे भट्टी बंद.

उपाय जुनाच निघाला. रोगोव्स्की आणि स्टाइनहाउस यांनी 1912 साली जर्मनीत मांडलेली, करंट मोजायची कॉइल. लवचिक नळीवर एकसारखे वेढे, आत लोखंड नाही, म्हणून सॅच्युरेशन नाही. पट्ट्यासारखी केबलभोवती घालायची आणि टोकं जुळवायची. करंट किती वेगाने बदलतो त्यावर तिचं व्होल्टेज ठरतं, म्हणून पुढे इंटिग्रेटर, म्हणजे त्या व्होल्टेजवरून पुन्हा करंट काढणारं सर्किट, लागतोच. तो नसेल तर 50 हर्ट्झला जुळवलेली कॉइल 250 हर्ट्झच्या भट्टीवर पाचपट आकडा दाखवते.

नोकरी सोडली, वडिलांच्याच दुकानात पहिली कॉइल स्वतः गुंडाळली आणि एका ओळखीच्या भट्टीवर लावली. कॉइलची टोकं जुळतात तो सांधा वर ठेवला की एक आकडा, शेजारच्या केबलकडे फिरवला की दुसरा. मालक काही बोलले नाहीत, पण मला आठ दिवस झोप नव्हती. सांध्यापाशी वेढे विरळ पडले होते, टोकांत फट राहिली होती आणि शेजारच्या केबलचं चुंबकीय क्षेत्र तिथूनच आकडा बिघडवत होतं. आई म्हणाली, "आण इकडं. हिला बी मोटारीसारखाच सारखा हात पाहिजे." त्यानंतरच्या कॉइली तिने गुंडाळल्या. आज वाइंडिंगला चार बायका आहेत, चौघी तिच्याच हाताखाली शिकल्या.

मग जिल्ह्याबाहेरून आर्क फर्नेसचं, म्हणजे विजेच्या ठिणगीने पोलाद वितळवणाऱ्या भट्टीचं, काम आलं. तिथे इलेक्ट्रोडमधून (ठिणगी पाडणाऱ्या कांड्यांतून) हजारो अँपिअर वाहतात. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (वीज आत येते त्या बाजूला) मोजून गुणाकार करायची तिथली पद्धत. पण व्होल्टेज कमीजास्त करायला ट्रान्सफॉर्मरचा टॅप (वेढ्यांवरची जोडणी) बदलला की गुणकही बदलतो. आम्ही थेट सेकंडरीच्या, म्हणजे भट्टीकडच्या बाजूच्या, केबलींवर कॉइली बांधल्या, वरून उष्णतेसाठी काचतंतूचं आवरण.

लोक विचारतात, एवढ्याशा शेडमध्ये कॉइल तपासायला 50,000 अँपिअर आणता कुठून? आणत नाही. एकाच वायरचे 100 वेढे कॉइलच्या मधून काढतो आणि त्यात 100 अँपिअर सोडतो. कॉइलच्या लेखी ते 10,000 च. गाभ्यात लोखंड नसल्याने करंट पाचपट झाला की आउटपुटही पाचपटच होतं, म्हणून 10,000 ला जुळवलेली कॉइल 50,000 लाही चालते. हे मला पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी वडिलांना दोनदा समजावून सांगितलं होतं.

कॉइल बाहेर पडण्याआधी तिचा सांधा आठ दिशांना फिरवून आठही आकडे वहीत लिहितो. फरक एक टक्क्याच्या वर गेला तर ती उकलून पुन्हा आईसमोर जाते. गेल्या महिन्यात अकरातल्या दोन गेल्या.