याचिकाकर्ता क्रमांक 11

माहीमला आमच्या चाळीत एक मावशी भांडी घासायला यायच्या. तुळशी पाइप रोडलगत, म्हणजे आजच्या सेनापती बापट मार्गालगत, त्यांचं झोपडं होतं. 1981 च्या जुलैत मी पाचवीत होते. भर पावसात त्या दोन दिवस आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या डोक्यावर बोचकं घेऊन. आईने ते जिन्याखाली ठेवून घेतलं. शेजारणींनी विचारलं की आई म्हणायची, "राहू दे, त्यांचं घर आहे ते."

त्या पावसात काय घडत होतं ते मला लॉ कॉलेजात कळलं. 13 जुलैला मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं होतं, की फुटपाथवर राहणाऱ्यांना मुंबईबाहेर काढून आपापल्या गावी धाडलं जाईल. त्याविरुद्धच्या याचिका ऑल्गा टेलिस खटला म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्या एका गटात 12 याचिकाकर्ते होते. पहिले पाच विलेपार्ल्याच्या कामराज नगरचे, पुढचे चार तुळशी पाइप रोडचे. तिथे मी वाचताना थांबले. दहावी पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना, बारावा एक पत्रकार आणि मधे, अकराव्या क्रमांकावर, 'कमिटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ डेमोक्रॅटिक राइट्स'. लोकशाही हक्कांच्या रक्षणासाठीची मुंबईची संघटना, थोडक्यात सीपीडीआर.

मला संघटनेचं नाव अकरावं असणं फार मोलाचं वाटतं. ज्यांची घरं मोडली ते पुढे, संघटना त्यांच्या मागे.

ही संघटना आणीबाणीनंतर उभी राहिली. एप्रिल 1976 मध्ये जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी म्हटलं होतं, की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. एकटे न्या. खन्ना वेगळे राहिले. कोर्टाचं दार असं बंद होऊ शकतं हे ज्यांनी पाहिलं, त्यांना निवडणुकीत सरकार बदललं म्हणून निश्चिंत बसवेना. कैदी, संपकरी, झोपडीवाले, दंगलीत होरपळलेले, ज्याचा हक्क मोडला त्याच्या बाजूने उभं राहायचं, मग सत्तेत कुणीही असो.

काम कसं चालतं? घटना घडली की दोघंचौघं तिथे जातात. घरच्यांशी बोलतात, पोलीस ठाण्यात त्यांचीही बाजू विचारतात, एफआयआर आणि शवविच्छेदनाचा अहवाल ताडून पाहतात. मग सत्यशोधन अहवाल छापतात. वकिलीच्या पहिल्या वर्षांत अशा एका गटासोबत मी दोनदा गेले. दिवसभर एकच प्रश्न वेगवेगळ्या माणसांना विचारायचा आणि उत्तर जसंच्या तसं उतरवायचं. एका म्हातारीने मला दटावलं होतं, "आधी लिही, मग रड." तेव्हापासून मी लिहिते.

फुटपाथच्या खटल्यात एक गाठ होती. झोपडीवाल्यांच्या वतीने उच्च न्यायालयात कबूल करण्यात आलं होतं, की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्हांला नाही. महापालिका सर्वोच्च न्यायालयात म्हणाली, आता यांना तोंड नाही. घटनापीठाने ते मानलं नाही. राज्यघटनेने दिलेला हक्क कुणाला असा सोडून देता येत नाही. आणि 10 जुलै 1985 ला निकाल आला: 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकाही येते. तो लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. जबलपूरच्या त्या चौघांत तेही होते. नऊ वर्षांत एकाच लेखणीतून ही दोन वाक्यं उतरावीत, याने मी अजून हलते.

पण घरं वाचली नाहीत. 31 ऑक्टोबर 1985 नंतर झोपड्या हटवायला मोकळीक मिळाली. 1976 च्या झोपडपट्टी गणतीची ओळखपत्रं असलेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं गेलं. हा निकाल विजय म्हणून शिकवतात, तेव्हा मला हे तारीखवार सांगावंसं वाटतं.

सोबतच्या याचिकेत सेलमहून आलेला एक भूमिहीन मजूर होता. दहिसरच्या केमिकल कंपनीत रोजी 23 रुपये. झोपडी मोडून त्याला बायकामुलांसह सेलमच्या बसमध्ये बसवलं. ती तिकडेच राहिली, तो कामासाठी परत आला, पुन्हा फुटपाथवर.

आमच्या मावशींनी बोचकं दिवाळीच्या आधी नेलं. मी एक टोक धरून सोबत गेले होते. नवं झोपडं जुन्या जागेपासून वीसेक पावलांवर होतं.