पिन क्लचची प्रेस आणि आपली बोटं

दरवर्षी ४ मार्चला आमच्या एमआयडीसीत कंपन्यांच्या गेटवर सुरक्षेची शपथ घेतली जाते. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो राष्ट्रीय सुरक्षा दिवस. छातीला बिल्ला लागतो, हात पुढे करून शपथ होते, मग चहा. मला तो कार्यक्रम मनापासून आवडतो. मालक, सुपरवायझर आणि ठेक्यावरचा हेल्पर एका रांगेत उभे राहतात, असं एरवी कुठे होतं? पण शपथ संपली की सगळे आपापल्या मशीनवर परत जातात, आणि मशीन कालचंच असतं. माझं काम त्या मशीनपाशी सुरू होतं.

मी डिप्लोमावाली. बरीच वर्षं टूलरूममध्ये काढली, आता पुण्याजवळच्या भोसरी, कुदळवाडी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या छोट्या प्रेस शॉपमध्ये जाऊन ऑपरेटर आणि सेटर (मशीनवर साचा बसवणारा) यांना शिकवते. प्रेस म्हणजे पत्रा साच्यात दाबून कापणारं, वाकवणारं मशीन. पत्र्याची शेड, पंधरा-वीस माणसं, सहा-सात प्रेस, दाराशी स्क्रॅपचा ढीग. इथं निघालेलं ब्रॅकेट किंवा क्लिप दुसऱ्या व्हेंडरकडे जाते, तिथून तिसऱ्याकडे, आणि शेवटी कुठल्यातरी मोटरसायकलीत बसते. कारखाने अधिनियमात सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती होती ती हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना. बोटं गेलेली मी पाहिली ती मात्र या पंधरा-वीस माणसांच्या शेडमध्ये.

अशा ठिकाणी नव्या माणसाचं ट्रेनिंग बहुतेक एका वाक्यात उरकतं. "बघून काम कर रे, हात सांभाळ." सांगणाऱ्याची कळकळ खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण हिशेब करून बघा. दर सहा सेकंदाला एक जॉब, म्हणजे एक नग, धरला आणि जेवण-चहा वजा जाता सात तास काम झालं, तर एका शिफ्टमध्ये हात ४,२०० वेळा डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, जातो आणि ४,२०० वेळा बाहेर येतो. घरी लेकरू आजारी आहे, रात्री झोप झालेली नाही, शेडमध्ये पत्रा तापलाय. एवढ्या वेळा एकदाही लक्ष ढळू द्यायचं नाही, ही अपेक्षा कुठल्याच माणसाकडून करता येत नाही. म्हणून मी शिकवायला सुरुवात करते ती मशीनपासून.

जुन्या छोट्या प्रेसना पिन क्लच असतो. मोटर फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, फिरवत राहते. पायडल दाबलं की पिन अडवून धरणारा लॅच सुटतो, स्प्रिंगच्या जोरावर पिन फ्लायव्हीलमध्ये घुसते आणि क्रँक फिरू लागतो. एकदा पिन घुसली की अख्खा फेरा पूर्ण होतो. रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, खाली येणार, त्याला लावलेला पंच डायवर बसणार, रॅम वर जाणार. मध्ये काहीही थांबवत नाही. पायडलवरून पाय काढा, मेन स्विच बंद करा, ओरडा, फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर तो स्ट्रोक पुरा करणारच. मिनिटाला साठ स्ट्रोकची प्रेस असेल तर रॅम वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो.

हे मी ऑपरेटरला फळ्यावर काढून दाखवत नाही. बॅकगार्ड उघडून, मोटर बंद करून, फ्लायव्हील हातानं फिरवून पिन घुसताना दाखवते. निलंग्याकडचा एक मुलगा दीड वर्ष त्याच प्रेसवर काम करत होता. पिन सरकल्याचा तो 'टक्' आवाज त्यानं वाकून ऐकला आणि म्हणाला, "मॅडम, म्हंजे पाय काढून कायबी फायदा नाही व्हय?" दीड वर्ष त्याला वाटत होतं की पाय उचलला की मशीन थांबतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट डबल स्ट्रोकची. लॅचची स्प्रिंग थकली, पिनची किंवा लॅचची धार झिजून गोल झाली, ब्रेकचा पट्टा तेलानं माखला, की प्रेस एका दाबाला दोनदा मारते. पहिल्या स्ट्रोकनंतर ऑपरेटर जॉब उचलायला हात घालतो आणि रॅम परत खाली येतो. पायडल न दाबता. माझ्यासमोर आलेल्या सगळ्यात वाईट जखमा अशाच होत्या, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या मशीनवाल्याला ठाऊक होतं की ही प्रेस आठवडाभर मधूनमधून 'रिपीट मारतेय'. लॅचची स्प्रिंग ही काही फार महाग वस्तू नाही. सेटरकडे एक जादा स्प्रिंग डब्यात असली पाहिजे आणि एकदा जरी रिपीट झालं तरी ती बदलल्याशिवाय प्रेस चालू करायची नाही. या एका नियमावर मी कुणाशीही तडजोड करत नाही.

आता सेन्सर. शेठ मला अभिमानानं सांगतात, "मॅडम, यंदा सगळ्या प्रेसना सेन्सर लावले." म्हणजे लाइट कर्टन. दोन खांब, मधून न दिसणारे किरण, हात आडवा आला की मशीनला थांबायचा हुकूम. हे उत्तम साधन आहे, पण एअर क्लचच्या म्हणजे घर्षणाच्या क्लचच्या प्रेसवर, कारण ती मध्येच थांबू शकते. पिन क्लचवर हात किरणांत गेल्याचं कळलं तरी मशीनच्या हातात थांबणं नाही. तिथं सेन्सर फक्त खात्रीचा भास निर्माण करतो, आणि त्या भासापायी ऑपरेटर हात आणखी बिनधास्त घालतो. एअर क्लचवरसुद्धा अंतर मोजून लावावा लागतो. हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. प्रेस थांबायला सेन्सरसकट ०.२ सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर आत गेलेला असतो. मी असे सेन्सर पाहिलेत जे डायपासून वीतभर अंतरावर बसवले होते, कारण तिथं नटबोल्टला जागा होती.

मग पिन क्लचवर करायचं काय? हात आत जायची गरजच काढून टाकायची. डायभोवती जाळीचा पक्का गार्ड, पट्टी सरकवायला फट, आणि ती फट डायच्या तोंडाशी ६ मिलिमीटरपेक्षा मोठी नको, म्हणजे बोट आत जात नाही. पट्टीचा जॉब असेल तर हे सहज जमतं. सुटा ब्लँक, म्हणजे आधीच कापलेला पत्र्याचा तुकडा, ठेवायचा असेल तर सरकपट्टीवरून ढकलायचा. तयार नग उचलायला हवेचा फवारा किंवा मागे कललेली घसरगुंडी. आणि यातलं काहीच जमत नसेल तर लोहचुंबकाची काठी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा चिमटा. अ‍ॅल्युमिनियमचा अशासाठी की चुकून पंचखाली आला तर चिमटा चेपतो, डाय फुटत नाही. हे कारण सांगितलं की शेठही लगेच तयार होतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्या कारणानं चिमटा शॉपमध्ये येईल ते कारण चांगलं.

जिथं एअर क्लच आहे तिथं दोन हातांची बटणं. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच स्ट्रोक, आणि दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावीच लागतात, अशी ती जोडणी हवी. साधी जोडणी असेल तर एक बटण सायकलच्या ट्यूबनं बांधून ठेवलेलं तुम्हाला हमखास दिसेल. बांधणाऱ्यावर ओरडायच्या आधी त्याला विचारावं की का बांधलंस. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "नग भरत नाहीत मॅडम, आणि नग भरले नाहीत तर ओव्हरटाइम मिळत नाही." त्या शॉपमधले सेटर काका आणि मी त्याच्या मागे उभे राहून बघत बसलो. वेळ बटणांत जातच नव्हता. ब्लँकची पेटी जमिनीवर होती, दर वेळी कमरेतून वाकावं लागत होतं, आणि तयार नग पाठीमागच्या क्रेटमध्ये टाकायला वळावं लागत होतं. काकांनी स्क्रॅपमधल्या अँगलचं एक स्टँड वेल्ड करून पेटी कोपराच्या उंचीला आणली आणि क्रेट उजव्या हाताशी घेतला. ट्यूब सोडली, दोन्ही बटणांवर काम सुरू झालं, आणि तासाचे नग घटले नाहीत. त्या मुलाची कमर दुखायची थांबली, हे वेगळंच.

शिकवताना सगळ्यात जास्त वेळ मी सेटरला देते. डाय बदलताना हात पूर्ण आत असतो, कधी डोकंसुद्धा. मेन बंद करून कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मोटर बंद केल्यावरही ते बराच वेळ फिरत असतं. मग रॅमखाली सुरक्षेचा ठोकळा. ठोकळा म्हणजे हाताला येईल तो लाकडाचा तुकडा नव्हे, त्या प्रेसच्या मापाचा, पिवळा रंगवलेला, साखळीनं मशीनलाच बांधलेला. डाय बसली की पहिले काही स्ट्रोक सेटरनं स्वतः मारायचे आणि गार्ड परत लागल्याशिवाय मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं नाही. पायडलवर लोखंडी टोपी हवी, नाहीतर वरून पडलेला स्पॅनरसुद्धा स्ट्रोक मारतो.

आणि रात्रपाळी. ऑपरेटर आला नाही, माल सकाळी जायचाय, म्हणून सुपरवायझर हेल्परला म्हणतो, "बस रे तू तासभर." अंगठा गेलेल्या एका मुलाची ही गोष्ट आहे, आणि तशा आणखी कितीतरी मुलांची. माझा आग्रह असा की प्रत्येक प्रेसवर नावांची पाटी हवी: या मशीनवर फक्त ही माणसं बसतील. नाव लागायच्या आधी त्यानं मला किंवा सेटरला मशीन चालू-बंद करून, गार्ड तपासून, रिपीट झालं तर काय करायचं ते करून दाखवायचं. मराठीत, हिंदीत, भोजपुरीत, त्याला येईल त्या भाषेत. सही घेतलेला कागद मला नको. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम १११-अ आलं आणि धोक्याची माहिती मागणं व प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क ठरला. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरचे मान वर करून बघतात.

आणखी एक तक्ता मी दाखवते, आणि तो दाखवताना मला दर वेळी जड जातं. १९२३च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांची टक्केवारी लिहिली होती. अंगठा गेला तर कमावण्याची ताकद ३० टक्के गेली असं धरायचे. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिचं एक पेर गेलं तर ९. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. पण पत्र्याची शीट पकडायला लागणारा, लेकीच्या वेणीला रबर लावायला लागणारा अंगठा ३० टक्के कसा, हे मला समजत नाही. भरपाई मिळालीच पाहिजे, त्यासाठी ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, नाव पहिल्याच दिवशी नोंदलेलं हवं. अपघातानंतर धावत जाऊन नोंदवलेल्या नावामुळे माणसाचे किती हाल होतात ते मी जवळून बघितलंय.

इतकं करूनही एखाद्या दिवशी घडलंच, तर काय करायचं हे शॉपमधल्या प्रत्येकाला पाठ हवं. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरायचा. हळद, चहापूड, काही लावायचं नाही. तुटलेला भाग शोधायचा, डायमध्ये अडकला असेल तर रॅम सावकाश वर घेऊन काढायचा. स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवायचा, ओल्या स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून मरतात. पिशवीवर वेळ लिहायची. १०८ला फोन करतानाच दुसऱ्यानं ज्या हॉस्पिटलात प्लास्टिक सर्जन आहेत तिथं कळवायचं. चेंगरलेलं बोट जोडता येईलच असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण ते त्यांच्यापर्यंत पोचवणं आपल्या हातात आहे.

शेवटी मोठ्या कंपन्यांतून व्हेंडरकडे ऑडिटला येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. तुम्ही पार्टचं माप बघता, गंज बघता, फायली चाळता. एकदा प्रेससमोर दहा मिनिटं नुसते उभे राहा. ऑपरेटरचा हात डायमध्ये जातोय का, पायडलवर टोपी आहे का, मशीन रिपीट मारतं का, त्यालाच विचारा, शेठसमोर नको. हात आत जात असेल तर त्या डायला गार्ड आणि फीडिंगची सोय करायला काय खर्च येईल तो आकडा मागून घ्या. डाय बनवायचे पैसे तुम्ही वेगळे देता. त्याच पर्चेस ऑर्डरमध्ये गार्डचे पैसेही लिहा.