मेलेल्या पात्राची आंगवण

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळात क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र टाकणारं पात्र, पाचव्या लेव्हलला पोचला की टेबलावरची मरणाची भीती ओसरायला लागते. रिव्हिव्हिफाय हा तिसऱ्या पातळीचा मंत्र हाती येतो. मेल्यापासून मिनिटाच्या आत ३०० मोहरांचे हिरे खर्च केले की माणूस १ हिट पॉइंटवर, म्हणजे जेमतेम जिवंत, उठून बसतो आणि पुढच्या राउंडला तलवार चालवतो. फोंड्याला दर दुसऱ्या रविवारी आमचा पाच खेळाडूंचा डाव बसतो, त्यात डीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारा, मी असतो. सहाव्या लेव्हलवर तारू नावाचा हाफलिंग (बुटक्या जमातीचा) चोर मेला. त्याला परत आणण्यापासून त्याचं देणं, आमच्या भाषेत आंगवण, फिटेपर्यंत काय केलं आणि काय फसलं, ते आकड्यांसकट लिहितो. नियम २०१४ चे आहेत.

तारू पडला तेव्हा क्लेरिकचे तिसऱ्या पातळीचे तिन्ही स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या त्या दिवसाच्या खेपा, संपले होते. एक मिनिट म्हणजे दहा राउंड, ते निघून गेले. उरला परत आणणारा दुसरा मंत्र, रेझ डेड. तो पाचव्या पातळीचा, म्हणजे निदान नवव्या लेव्हलचा क्लेरिक हवा. टोळीत तसा कोणी नाही, तेव्हा शहरातल्या देवळाचा पुजारी गाठायचा. मरून दहा दिवसांपेक्षा जास्त झालेले चालत नाहीत, विधीला एक तास आणि ५०० मोहरांचा हिरा लागतो. शहर तेरा दिवसांच्या वाटेवर.

इथे जेंटल रिपोज कामी येतो. प्रेत टिकवणारा दुसऱ्या पातळीचा मंत्र, रिच्युअल म्हणून, सावकाश विधीने, केला तर स्लॉटही जात नाही. साहित्य म्हणजे चिमूटभर मीठ आणि प्रेताच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं. तो दहा दिवस टिकतो आणि तेवढे दिवस रेझ डेडच्या मुदतीत धरले जात नाहीत. बहुतेक टेबलांवर नाण्यांची अट वाचली की विसरली जाते. ती नाणी मुदतभर डोळ्यांवरच राहायला हवीत. आमच्याकडे चौथ्या दिवशी नदी उतरताना एक नाणं पडलं आणि ते रात्री मुक्कामावर कुणीतरी चादर उचलली तेव्हा कळलं. मी मधला अर्धा दिवस मुदतीतून कापला. मग त्यांनी पुन्हा मीठ टाकून नाणी ठेवली, वरून फडक्याची पट्टी बांधली आणि रोज संध्याकाळी ती तपासायची पाळी लावली. परतीची किंमत या पट्टीपासूनच सुरू झाली असं मी मानतो, कारण त्या रात्रीपासून तारूचं प्रेत सगळ्यांची जबाबदारी झालं.

आता मुख्य प्रश्न. परत आल्यावर त्याच्यावर काय उरायला हवं? रेझ डेडच्या नियमात उत्तर आहे, पण तोकडं. हल्ले, सेव्ह (संकट टाळायचे फासे) आणि अबिलिटी चेक (कसबाचे फासे) या सगळ्यांवर उणे ४, आणि प्रत्येक लाँग रेस्टला, म्हणजे रात्रभराच्या झोपेला, त्यातला १ कमी. म्हणजे चार रात्री धर्मशाळेत झोपलं की सगळं साफ. बाहेर घड्याळ चालू नसेल तर कुठलीही शहाणी टोळी त्या चार रात्री झोपूनच काढते.

आधीच्या एका मोहिमेत आम्ही जुन्या नियमांकडे वळलो होतो. १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेच्या काळात परत आलेल्या पात्राचं कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणाचा आकडा, कायमचं १ ने घटायचं. ऐकायला कडक वाटतं. आजच्या नियमात मात्र ते निम्म्या वेळा काहीच करत नाही. १५ चं १४ झालं तर मॉडिफायर (त्या आकड्यावरून मिळणारी भर) +२ च राहतो, खेळाडूला फरकही जाणवत नाही. १४ चं १३ झालं तर +२ चा +१ होतो आणि सहाव्या लेव्हलला एकदम ६ हिट पॉइंट जातात. जो आधीच मेला तो आता आणखी लवकर मरणार, मेला की आणखी घटणार. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत एक लेव्हल जायची. तिथेही तेच दुखणं, मागे पडलेलं पात्र पुढच्या लढाईत आधी पडतं.

दुसरा प्रयोग व्रणांचा केला. बारा ओळींचा तक्ता आणि डी१२, म्हणजे बारा बाजूंचा, एक फासा. एक डोळा जाणं तिरंदाजाला संपवतं, विझार्डला त्याचं फारसं काही वाटत नाही. दंड कुणाला किती लागेल हे क्लासवर, म्हणजे पात्राच्या पेशावर, ठरत असेल तर तो दंड न्याय्य नाही. शिवाय व्रण विसरले जातात. चतुर्थीसाठी डाव तीन आठवडे बंद राहिला आणि परत बसलो तेव्हा कोणाचा कान कापला होता हे खुद्द त्या खेळाडूलाही आठवेना.

वाट सापडली ती त्या दहा दिवसांच्या मर्यादेत. दहावा दिवस म्हटलं की आपल्या कानात वेगळंच वाजतं. पिंड ठेवलेला असतो, कावळा शिवत नाही, आणि घरचे हात जोडून शब्द देतात, तुझ्या मुलीचं शिक्षण मी बघतो, तुझी बाग विकणार नाही. योग्य शब्द दिला गेला की कावळा शिवतो, अशी श्रद्धा आहे. मेलेल्याचं काय राहिलंय ते जिवंतांनी ओळखायचं आणि स्वतःवर घ्यायचं. खेळाला हवी ती रचना यात अख्खी आहे, फक्त दिशा उलटी, कारण इथे आत्म्याला निरोप द्यायचा नसून परत बोलवायचं आहे. त्याबदल्यात जे कबूल होतं त्याला आम्ही आंगवण म्हणतो. गोव्यात नवस बोलतात आणि फेडतात त्याला हाच शब्द आहे, त्यामुळे टेबलावर समजावून सांगायची गरज पडली नाही.

एक काळजी घ्यायलाच हवी. कोणाच्या घरी अलीकडे माणूस गेलं असेल तर पिंड आणि कावळा टेबलावर आणू नयेत. मी मोहीम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला एकट्याने विचारतो. कोणी नको म्हटलं तर तोच विधी नदीकाठी फेरीबोट आणि नावाडी घेऊन करतो, आकडे तेच राहतात.

विधीची चौकट क्रिटिकल रोल या कार्यक्रमाचे डीएम मॅथ्यू मर्सर यांनी आपल्या डावासाठी केलेल्या नियमांवरून घेतली. डीएम डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकतो, त्या आकड्यात काहीही मिळवायचं नाही, लक्ष्य निदान १०, आणि ते पात्र पूर्वी जितक्या वेळा परत आलं असेल तितके त्यात वाढवायचे. जास्तीत जास्त तीन सोबती काहीतरी अर्पण करतात. ते साधलं तर लक्ष्य ३ ने उतरतं, फसलं तर १ ने चढतं. अर्पणाच्या जागी आम्ही शब्द ठेवला. सोबत्याने पिंडासमोर एक वाक्य मोठ्याने बोलायचं, मी त्याला साजेसा चेक १५ वर मागतो. तारूसाठी दोघांचे शब्द साधले, तिसऱ्याचा नाही. १० मधून ६ गेले, १ चढला, लक्ष्य ५, म्हणजे यशाची शक्यता ८० टक्के. कोणीच काही बोललं नसतं तर ५५ टक्के होते. तिसऱ्याचा शब्द फसला कारण त्याने पैसे देऊ केले, आणि तारू पैशांसाठी कधी काही करतच नव्हता. त्या चेकला मी मुद्दाम दोन फाशांतला लहान आकडा धरायचा असा डिसअॅडव्हांटेज दिला होता. सोबत्याला किती ओळखता याची ही परीक्षा आहे, त्यामुळे शब्द ऐकूनच चेकची पट्टी ठरवा.

मर्सर यांच्या नियमात विधी फसला की आत्मा कायमचा जातो. आमच्याकडे फासा परतीचा निकाल देत नाही, अटी कोण ठरवणार याचा देतो. यश आलं तर मी तीन आंगवणी समोर ठेवतो आणि खेळाडू एक निवडतो. अपयश आलं तर निवड माझी. दोन्ही वेळा खेळाडू अट ऐकून नको म्हणू शकतो. आत्मा राजी हवा ही अट मूळ मंत्रातच आहे, ती मी अक्षरशः पाळतो. खेळाडूला बाहेर ओसरीवर नेऊन विचारतो, कारण चार जणांसमोर नको म्हणायला जीभ रेटत नाही.

आंगवणीत चार गोष्टी लिहिलेल्या असल्याच पाहिजेत. कोणाला, काय, कधीपर्यंत, आणि राहिली तर काय. यातली एक जरी गाळली तरी ती नुसती हळहळ उरते. तारूने निवडलेली अशी होती: वाटेवरच्या सीमेच्या राखणदाराला; दर अमावस्येला मध्यरात्रीपूर्वी वहाणांचा एक नवा जोड, ज्या गावात असू त्या गावच्या वेशीवर; सहा अमावस्या; चुकली तर तो वेशीत शिरू देणार नाही आणि मरणाची एक खूण अंगावर राहील. वेताळाला वहाणा वाहायची रीत आपल्याकडे आहे, रात्री राखण करून त्या झिजतात असं मानतात, म्हणून ही कल्पना खेळाडूंना सहज पटली. जगातल्या देवाचं नाव मात्र आम्ही वेगळं ठेवलं. कुणाच्या ग्रामदैवताला फाशात ओढणं मला योग्य वाटत नाही.

त्या खुणेचा अर्थ असा, की आंगवण चुकलेली असताना तारू ० हिट पॉइंटवर गेला तर त्याच्या डेथ सेव्हमध्ये (पडलेल्या पात्राचे जगण्या-मरण्याचे फासे, तीन यशं आधी आली तर जगतो, तीन अपयशं आली तर मरतो) एक अपयश आधीच धरलेलं असतं. याचं वजन मी मोजून पाहिलं. कोणी मदत केली नाही आणि नवं नुकसान झालं नाही, तर साध्या नियमाने फाशांवर जगण्याची शक्यता ५९.५ टक्के असते. एक अपयश आधीच असेल तर ती ४१.७५ होते. दोन असतील तर २१.२५, म्हणून एकाच्या वर कधीच जाऊ नका. उभा असताना पात्राला काही कमी पडत नाही, तो नेहमीसारखाच लढतो. पडला की मात्र सगळं टेबल पुढे सरकतं, क्लेरिक हल्ला सोडून त्याच्याकडे धावतो. उणे ४ ने एवढं कधी साधलं नव्हतं.

आंगवण पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर लिहून, मधे दुमडून, खेळाडूच्या फाशांसमोर उभी ठेवायची. बैठक सुरू होताना त्याने ती एकदा वाचायची आणि पुढच्या अमावस्येला खेळातले किती दिवस उरलेत ते सांगायचं. अर्धा मिनिट लागतो. यामुळे लक्षात ठेवायचं ओझं डीएमवरून उतरतं, आणि हे सगळं मुळात डीएमच्या विसरण्यानेच मोडतं. सोबत्यांनी दिलेले शब्द त्याच पुठ्ठ्यामागे, ज्याचे त्याच्या अक्षरात.

हिऱ्यांबद्दल थोडं. नियमात दगडाचा आकार दिलेला नाही, मोल दिलंय. मग व्यापाऱ्याने भाव दुप्पट केला तर निम्मा दगड पुरतो, असा वाद कधीतरी येतोच. आम्ही ३०० आणि ५०० हे दगडाचे दर्जे ठरवले, भाव काही असो. शहरात किती नग आहेत ते मी आधी लिहून ठेवतो. बंदरात तीन लहान आणि एक मोठा होता. मोठा तारूवर गेला, एक लहान क्लेरिकने घेतला. भाव वाढवून मंत्र दुर्मिळ होत नाही, नग कमी ठेवले की होतो.

रिव्हिव्हिफायला विधी नाही, मिनिटात वेळच नसतो. तिथे क्लेरिकचा एकच चेक घेतो आणि आंगवण लहान, एकाच खेपेत फिटणारी. रीइन्कार्नेट या नव्या शरीरात परत आणणाऱ्या मंत्राला वेगळं काही जोडत नाही, शरीरच बदलतं तेवढं पुरे.

तिसरी अमावस्या आली तेव्हा टोळी जमिनीखाली तीन मजले होती, खजिन्याच्या दारापासून दोन खोल्या अलीकडे. वहाणांचा जोड वरच्या मजल्यावर ओढ्यात वाहून गेला होता. त्यांनी दार सोडलं. वर येऊन वेशीपर्यंत पोचायला खेळातले सात तास लागले. जोड नवा हवा, आणि रात्री चांभार मिळेना. शेवटी क्लेरिकने देवळाच्या पूजेसाठी राखून ठेवलेल्या न वापरलेल्या वहाणा दिल्या. तिच्या शब्दाची ओळ पुठ्ठ्यामागे होतीच, ‘याच्या वाटेत मी कमी पडणार नाही’. ती ओळ मी त्या रात्री फिटली धरली आणि खोडली. परत गेले तेव्हा खजिना कोणीतरी नेला होता. तो मी त्यांच्यासाठी राखून ठेवला असता तर आंगवणीला काही किंमतच उरली नसती.

सहाव्या अमावस्येला पुठ्ठा डब्यात गेला. खुणेचा धोका टळला, पण परत आल्याचा मागमूस पुसला जाऊ नये असं तारूच्या खेळाडूलाच वाटत होतं. मग शेवटची ओळ आम्ही दोघांनी मिळून लिहिली. कुठल्याही वेशीवर रात्री मुक्काम पडला तर तारूला काठीचा आवाज ऐकू येतो. तो आवाज थांबला तर कोणीतरी सीमा ओलांडली, आणि त्या एका पर्सेप्शन चेकला, म्हणजे चाहूल घेण्याच्या फाशाला, त्याला अॅडव्हांटेज मिळतो. बाकीच्यांना काठी ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांना उठवायचं काम त्याचंच.